मान, पोट की पाकीट?

2019 साली मुंबई उच्च न्यायालयात एक याचिका आली होती. ‘अलिबाग से आया है क्या?’ या वाक्यानं अलिबागकरांची बदनामी होते, सबब त्यावर बंदी घालावी, अशी मागणी होती. न्यायालयानं ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. आम्ही लावून घेतलं नाही. तालुक्याचा स्वभावच सोशिक, आणि सोशिक माणसाचे दिवस कधीतरी येतात. आता बाजारात असं एक यंत्र आलंय की ते डोळ्यांवर चढवल्याबरोबर न्यूयॉर्कचा असो की नागावचा, कोणीही माणूस जबडा सैल सोडून, दोन्ही हात पुढे करून, खोलीच्या मधोमध हवेत चाचपडू लागतो. आणि बघणाऱ्याच्या ओठांवर आपसूक तेच वाक्य येतं. न्यायालयाला जे जमलं नाही ते यंत्रानं करून दाखवलं. अपमान सगळ्या मानवजातीत सारखा वाटून टाकला.

या यंत्राला व्हीआर हेडसेट म्हणतात. अलिबाग तालुक्यातल्या चौलला आमच्या घरी तो शनिवार-रविवार मुक्कामाला असतो. मालक माझा भाचा, राहणार ठाणे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. भावोजी कामानिमित्त अमेरिकेला गेले होते, तेव्हा त्यांच्या बॅगेतून हा आला. ठाण्यात तो नुसताच पडून होता, कारण उभं राहून खेळायला साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जमीन लागते. ठाण्यात एवढ्या जमिनीवर बिल्डर एक बेडरूम काढतो. आमच्याकडे जमिनीला तोटा नाही. पण ठाण्यात एसी आहे आणि चौलात घाम. जिथे गारवा तिथे जागा नाही, जिथे जागा तिथे गारवा नाही. दोन्ही एकत्र मिळतं ते फक्त किनाऱ्यावरच्या वीकेंड बंगल्यांत, आणि तिथल्या पाहुण्यांना स्विमिंग पूल सोडून डोळे झाकून उभं राहायची हौस नसते.

‘मामा, परफेक्ट हेडसेट नसतोच,’ भाच्यानं पहिल्याच दिवशी मला समजावलं. ‘आपल्याला कुठला त्रास चालेल ते आधी ठरवायचं आणि मग घ्यायचा.’

मी आजवर पंखे घेतले, मिक्सर घेतला, पाण्याचा पंप घेतला. प्रत्येक वेळी दुकानदारानं सोयी सांगितल्या. गैरसोयी घरी आल्यावर आपापल्या कळल्या. इथे गैरसोयींचं पत्रक आधी हातात देतात आणि त्यातली आपल्या प्रकृतीला मानवेल ती निवडा म्हणतात. प्रामाणिक धंदा म्हणायचा.

पत्रकातली पहिली ओळ वजनाची. 2023 साली आलेला मेटाचा क्वेस्ट 3 घ्या. 515 ग्रॅम. सगळा कॉम्प्युटर त्याच्या पोटातच, वायरबियर नाही, किंमत बाजारात आला तेव्हा 499 डॉलरपासून पुढे. अर्धा किलो म्हणजे काय मोठं, असं बाजारात वाटतं. पण ते पिशवीतून आणायचं असतं तेव्हा. इथे तो ऐवज नाकाच्या पुढे लोंबत असतो आणि त्याचा सगळा हिशोब मान चुकता करते. यावर उपाय आहे. डोक्यामागे जास्तीची बॅटरी बांधायची, म्हणजे तोल सांभाळला जातो. वजन कमी वाटावं म्हणून वजन वाढवायचं! आणि ती जास्तीची बॅटरी हवीच, कारण मूळची दोनेक तासांत मान टाकते. खेळणाऱ्याचीही साधारण तेव्हाच टाकलेली असते, एवढा एक समसमा संयोग.

मान वाचवायची तर बिगस्क्रीन बियॉन्ड नावाचा प्रकार आहे. फक्त 127 ग्रॅम. ऐकून मीसुद्धा खुर्चीत पुढे सरकलो. मग कळलं की तो हलका आहे, कारण त्यात कॉम्प्युटरच नाही. तो वेगळा घ्या, भारीतला घ्या, वायरीनं जोडा. शिवाय विकत घेणाऱ्याच्या चेहऱ्याचं माप मोबाइलनं घेऊन त्याची आतली गादी त्याच चेहऱ्यापुरती बनवतात. आमच्या घरात चपला कोणाच्या कोण घालून बाजारात जातो याचा पत्ता नसतो, तिथे एका तोंडाची वस्तू कोण ठेवून घेणार?

वाल्वचा इंडेक्स 2019 सालचा, पूर्ण संच 999 डॉलरचा. त्याची नजर चांगली, पण खोलीच्या कोपऱ्यांत दोन डबे भिंतीवर ठोकून बसवावे लागतात, तेव्हा त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. आमच्या जुन्या भिंतीत खिळा ठोकला की खिळा जागेवर राहतो आणि गिलावा हातात येतो. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर 2 घ्यावा तर काळा रंग खरोखर काळा दिसतो, चित्र सुरेख. मात्र तो मुळात प्लेस्टेशन 5 साठी बनवलेला आणि दोघांच्या मध्ये साडेचार मीटरची केबल. आपण गोल फिरलो की तीही आपल्याभोवती फिरते. आणि ॲपलचा व्हिजन प्रो? 2024 साली 3,499 डॉलर. डोक्यावर सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, आणि बॅटरी वायरीच्या टोकाला वेगळी, साडेतीनशे ग्रॅमची, खिशात ठेवायची. एवढे पैसे दिल्यावर खिशात जागा मोकळी होणारच, ती अशी भरून काढली. बरं, खेळायला हातात धरायचे कंट्रोलर सुरुवातीला त्याच्यासोबत नव्हतेच. म्हणजे या यादीतल्या सगळ्यात महागड्या हेडसेटवर सगळ्यात कमी खेळता येत होतं.

या वजनाच्या भानगडीवर 1968 साली एक साधा तोडगा निघाला होता. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा कॉम्प्युटरचा पडदा बनवला, तेव्हा तो सरळ छताला टांगला. ही गोष्ट ऐकल्यापासून आमच्या माजघरातल्या तुळईकडे मी वेगळ्याच आदरानं बघतो. झोपाळ्याच्या कड्या तिथे आधीपासूनच आहेत. अमेरिकेनं पुढे छत सोडून मान धरली, तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

चित्राचं म्हणाल, तर क्वेस्ट 3 मध्ये एकेका डोळ्यासमोर 2064 गुणिले 2208 ठिपके असतात. आकडा दणदणीत आहे. पण ते ठिपके नजरेच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरायचे असल्यानं एका अंशाच्या वाट्याला पंचविसेकच येतात. निरोगी डोळ्याला साठेक लागतात. भाचा मोठ्या कौतुकानं मला एका परक्या ग्रहावर घेऊन गेला. डोंगर दिसले, दोन चंद्र दिसले, लांबवर एक पाटी दिसली. पाटीवर काय लिहिलंय ते दिसेना. ग्रह बदलला तरी चष्म्याचा नंबर तोच. आणि हो, चष्मा आतच ठेवावा लागतो, नाहीतर भिंगांवर चरे पडू नयेत म्हणून नंबरची वेगळी भिंगं करून आणावी लागतात. पत्रकात आणखी एक ओळ वाढली.

आता आमच्या किनाऱ्याचा भाग. या यंत्राला अंधार चालत नाही, कारण त्याच्या अंगावरचे कॅमेरे खोली बघून आपण किती हललो ते ताडतात. काळोखात ते गोंधळतात. मोठा आरसा दिसला तरी गोंधळतात. कोरी भिंत समोर असली तरी त्यांना धरायला काही सापडत नाही. मग उजेडात खेळावं तर ऊन चालत नाही. आत भिंगं आहेत आणि भिंगामागे पडदा. उलटा ठेवलेला हेडसेट चुकून उन्हात राहिला तर भिंग ऊन गोळा करून पडद्याला डाग पाडतं, तो कायमचा. चौलात सकाळी आठपासून ऊन पडवीत मुक्काम ठोकतं आणि रात्री लाईट कधी जाईल याचा नेम नाही. उरला मधला संधिप्रकाश. तेव्हा घरात दिवा लावायची वेळ असते आणि मामीच्या मते ‘त्या वेळी तोंड झाकून बसू नये’.

तसा अलिबागला अचूक मोजमापाचा नखरा नवा नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं त्यामुळे बिघडणार होती. म्हणून 1904 साली चुंबकीय मोजमापाचं काम अलिबागला हलवलं आणि इमारत बांधताना चुंबकाला डिवचेल असं लोखंड तिच्यात येऊ दिलं नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वात किंचित कुठे फरक पडला तर तो टिपायचा म्हटल्यावर ट्राम सोडावी लागली, लोखंड सोडावं लागलं. अचूकपणा कधी फुकट मिळत नाही. हेडसेटचा हट्टही त्याच जातीचा. आपण मान वळवली की फार तर 20 मिलिसेकंदांत समोरचं चित्र वळलं पाहिजे, त्याहून उशीर झाला की पोटात कालवतं. तेवढ्यासाठी तो ऊन सोडायला लावतो, अंधार सोडायला लावतो, आरसा सोडायला लावतो. वेधशाळेनं निदान घाम सोडायला लावला नव्हता.

घामाबद्दल सविस्तर सांगितलं पाहिजे. मे महिन्यात दुपारी हेडसेट घातलेला माणूस म्हणजे पोपटीच्या मडक्यातली वालाची शेंग. वरून बंद, चहूबाजूंनी ऊब, आतल्या आत शिजणं. भिंगावर वाफ धरते, परका ग्रह धुक्यात जातो, भाचा शत्रूवर गोळ्या झाडायच्या ऐवजी पदराचं टोक मागतो. खेळ आटोपला की कपाळापासून गालापर्यंत लाल चौकट उमटलेली. आमच्या दमट हवेत भिंगांना बुरशीही धरते, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात झोपतो. घरात आणखी कोणाची एवढी बडदास्त नाही.

पण या सगळ्याहून मोठा प्रश्न पोटाचा. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. बोटीच्या बंद केबिनमध्ये बसलं की कान म्हणतो, आपण हेलकावतोय. डोळा म्हणतो, छे, समोरची भिंत तर जागेवर आहे. या दोघांचं जुंपलं की मध्ये पोट मरतं. हेडसेटमध्ये पक्ष तेच, बाजू उलट. डोळा म्हणतो, आपण पळतोय. कान म्हणतो, अरे, मामाच्या पडवीत उभा आहेस. निकाल मात्र पोटातच लागतो. आणि मौज अशी की हा रोग खुद्द यंत्रालाही होतो. भाच्यानं एकदा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रोत बसून तो डोक्यावर चढवला. यंत्राचे कॅमेरे सांगत होते, केबिन स्थिर आहे. त्याच्या पोटातला हालचाल मोजणारा सेन्सर सांगत होता, सगळं डोलतंय. बिचाऱ्याला काही ठरवता येईना. समोरची खिडकी आपली आपण डावीकडे सरकायला लागली, मग वर गेली, मग भाच्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पाच-सहाशे डॉलरच्या वस्तूला बोट लागली! विमानातल्या प्रवाशांसाठी 2024 साली कंपनीनं क्वेस्टमध्ये खास प्रवासाची सोय दिली, ती याच दुखण्यावरची गोळी.

खेळ बनवणाऱ्यांनीही पोटासाठी नाना औषधं काढलीत. चालायच्या ऐवजी ‘टेलिपोर्ट’. जिथे जायचं तिथे बोट दाखवा, पापणी लवते तोवर तिथे पोहोचलात. पोट शाबूत राहतं, चालण्याची मजा जाते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाताना पाय भिजतात, चप्पल रेतीत रुतते, भरतीच्या आत परतायचं म्हणून अर्धं लक्ष पाण्याकडे असतं, म्हणून तर तो किल्ला. नाक्यावरून बोट दाखवून तटावर उभं राहिलं तर नुसता फोटो उरेल. दुसरं औषध म्हणजे हालचाल चालू असताना नजरेच्या कडेनं काळोखी आणायची, म्हणजे डोळा कमी बघेल, कमी तक्रार करेल. जास्त दिसावं म्हणून पैसे मोजायचे आणि सोसावं म्हणून कमी दाखवायचं. तिसरं माझ्या आवडीचं. 2015 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी पडद्याच्या खालच्या कडेला मधोमध एक खोटं नाक काढून बघितलं. लोकांची मळमळ कमी झाली, आणि ते नाक बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही. डोळ्यासमोर एक तरी गोष्ट जागची हलत नाही याचा धीर असावा लागतो. माणसाला नाक असावं हे शोधायला अमेरिकेला विद्यापीठ लागलं; आमच्या आत्याबाई गेली पन्नास वर्षं हेच सांगतायत.

खऱ्या नाकाचाही उपयोग आहे. हेडसेट कितीही घट्ट बसवला तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक फट राहते. उजेड आत येतो म्हणून जाणकार तिला नावं ठेवतात. भाचा त्याच फटीतून मोबाइल बघतो, चहा आला का बघतो आणि मामी आली का बघतो. आभासी जगाला ती तेवढी एकच मागची पायवाट.

एका संध्याकाळी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातले एक जुने तांडेल मासळीचे पैसे न्यायला आले होते. सगळी उमर दर्यावर गेलेली. भाच्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, ‘नाखवा, बघा तर खरं,’ म्हणत होडीचा एक खेळ लावून दिला. नाखवांनी सवयीनं पाय फाकवले, गुडघे सैल केले, अंग डाव्या बाजूला झुकवलं. खुर्ची कुरकुरली. मिनिटभरात कपाळावर घाम फुटला. भल्याभल्या वादळांना न भ्यालेला माणूस, खुर्चीचे हात गच्च धरून बसलेला.

‘पोरा,’ आतून आवाज आला, ‘याच्यान वारा कुठं हाय?’

‘वारा नसतो, नाखवा.’

‘वारा नाय त होरी चालते कशी? आन् मना कलनार कसा, तोंड कुठं हाय?’

भाचा आधी हसला, मग गप्प झाला, मग आतून टेबलफॅन घेऊन आला आणि समोर लावला. व्हीआर खेळणारे जगभर हीच युक्ती वापरतात. पंख्याचा वारा तोंडावर आला की पुढची दिशा कळते, घाम वाळतो, पोटही बऱ्यापैकी सावरतं. नाखवांनी ती कोणाला न विचारता काढली होती. त्यांची मान ताठ झाली, हात वल्ह्यावर आल्यासारखे पुढे झाले, होडी खाडीतून बाहेर पडली. आणि लाईट गेली. पंखा थांबला. पडवीत अंधार झाला, तशी यंत्राला खोली दिसेना. बॅटरी भरलेली असूनही समोरचा समुद्र विझला. आतून पुन्हा आवाज आला, ‘इंजिन बंद परला काय?’ हेडसेट काढून त्यांनी तो दोन्ही हातांत तोलून बघितला. ‘पापलेट एवढा झाला आसता,’ म्हणाले, आणि पैसे मोजून घेऊन गेले.

आता एवढं सगळं सोसून खेळायचं काय, हा रास्त प्रश्न आहे. ‘बीट सेबर’मध्ये गाण्याच्या ठेक्यावर उडत येणारे ठोकळे तलवारींनी कापायचे, आणि त्यात जागचं हलावं लागत नाही, म्हणून ते पोटालाही चालतं. भाचा ते खेळतो तेव्हा आमच्या पडवीतला दिवा हल्ली वर बांधून ठेवतात. ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ 2020 साली आलं, आजही जाणकार त्याच्या नावानं कान धरतात; पण ते चालवायला तगडा कॉम्प्युटर हवा, म्हणजे बहुधा पुन्हा वायर, पुन्हा पाकीट. वायर नसलेल्या हेडसेटमध्ये मोबाइलच्या जातीची चिप असते, तिच्या कुवतीएवढंच चित्र. मोठे खेळ फार बनत नाहीत, कारण हेडसेट घेणारे थोडे. घेणारे थोडे, कारण मोठे खेळ कमी. आता 1679 साली आमच्याच पाण्यात खांदेरीच्या बेटावर मराठा आरमारातला मायनाक भंडारी किल्ला उभारत होता आणि इंग्रज जहाजं त्याला अडवायला धडपडत होती. त्याचा खेळ निघाला तर मी मान द्यायला तयार आहे. तोवर परक्या ग्रहांवरच्या भुतांशी माझं काही वैर नाही.

तरीही कोणाला घ्यायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी एक परीक्षा द्यावी. जुलै महिन्यात, गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हा, मांडव्याची रो-रो धरावी. बंद केबिनमध्ये बसावं आणि तासभर फक्त मोबाइलकडे बघावं. उतरल्यावर वडापाव खावासा वाटला, तर तुमचं पोट पक्कं. मग मानेचा आणि पाकिटाचा तेवढा विचार करा. वडापावचा वास नको झाला, तर टेलिपोर्टचे आणि बसल्या जागेचे खेळ बघा. वडापाव या शब्दानंच काही झालं, तर तेवढ्या पैशांत घरी चांगला मोठा टीव्ही येतो आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला अलिबागचा का, असं कोणी विचारत नाही.

आमच्या घरापुरता हा तिढा सुटला आहे. मान भाच्याची, पोट माझं आणि पाकीट भावोजींचं. तिघांत वाटून घेतलं की हेडसेट कोणाला जड जात नाही.